पलाऊचा चंद्र

२६ सप्टें., शुक्र.
इथे जपानमध्ये क्रीडादिनाला शाळेच्या मैदानावर देशोदेशींच्या झेंड्यांच्या माळा लावतात. पाचवीतल्या प्रत्येकाने एक झेंडा करायचा. आमच्या रेवाला अर्थातच भारत मिळाला. बाईसाहेबांनी तो मैत्रिणीला देऊन टाकला आणि पलाऊ घेतला! पॅसिफिकमधला चिमुकला बेटांचा देश. निळ्यावर पिवळा गोळा, संपलं.
"का गं?"
"इंडिया म्हटलं की सगळे विचारतात, रोज करीच खाता का. मेन्दोकुसाई."
म्हणजे कटकट. आपला देश, कटकट.
नितीन कावासाकीच्या ऑफिसातून आला, ऐकून हसला. "चक्राच्या चोवीस आऱ्या शिवण्यापेक्षा बरं." बाप-लेक एकाच माळेचे मणी.

२९, सोम.
मराठीत विचारलं की हिचं उत्तर जपानीत. आज जेवताना मात्र आपणहून बोलली. तो गोळा सूर्य नाही, पौर्णिमेचा चंद्र. पलाऊत मासेमारी, पेरणी, होड्या कोरणं, सगळ्याला पौर्णिमा चांगली. म्हटलं, "आपण कोजागरीला नुसतं दूध पितो." खुदकन हसली. कित्येक दिवसांनी.
चंद्राबद्दल आणखी काही सांगत होती. मी म्हटलं, आधी भात संपव.

१ ऑक्टो., बुध.
शाळेत मदतीला आयांची पाळी. मुलांनी टाचण्या लावून दिलेलं मशीनवर शिवायचं. रेवाचा गोळा काठीच्या बाजूला सरकलेला. इथे बाटलीचं झाकण चुकीच्या कचऱ्यात गेलं तरी पिशवी शेरा चिकटवून, न उचलता तशीच ठेवतात. त्यात परदेशी पोरीचा वाकडा झेंडा? पट्टी घेतली, बरोब्बर मध्यावर आणून शिवला. शेजारची आई "किरेई!" म्हणाली, म्हणजे सुरेख. सुखावले, खोटं कशाला लिहू.

४, शनि.
क्रीडादिन. रेवाच्या वर्गशिक्षिका मोरी सेन्सेई माळेखाली थांबल्या. "रेवा-सान, पलाऊचा चंद्र मधोमध नसतो ना? वर्गात तूच सांगितलंस."
मी पाण्याची बाटली घेऊन शेजारीच.
रेवाने माझ्याकडे पाहिलं. मग कमरेत वाकली. "माझी चूक झाली."
आणि मी बाटलीचं झाकण फिरवत राहिले. 'मी हलवला' म्हणण्याएवढं जपानी येतं मला.

५, रवि.
इंटरनेटवर पाहिलं. चंद्र काठीकडे सरकलेलाच. मुद्दाम. मिनिटाचं काम होतं, तेव्हा नाही सुचलं.
नितीन : "एवढंसं तर कापड." डोकं सणकलं.
तिला सॉरी म्हटलं. "बेत्सु नी." काही नाही, या अर्थाचं. यापेक्षा ही मोठ्याने भांडली असती तर...

६, सोम. कोजागरी
निशी-कसाईच्या मराठी मंडळात दूध होतं. रेवा आली नाही म्हणून मीही गेले नाही, घरीच आटवलं.
झेंडा घरी आलाय. ती बाल्कनीत बसून माझी शिवण उसवत होती. टाका न् टाका.
"मी शिवून देऊ?"
"नको. तू नको."
मराठीत म्हणाली.
परवा मला वाचवलं, की ही माझी आई म्हणायची लाज वाटली? विचारायची हिंमत नाही. कप तिच्याजवळ ठेवून आत आले. अजून तसाच आहे, साय धरलेला.