देण्याची की वापराची

आई,

परवा मी आयुष्यात पहिल्यांदा चहाची गाळणी विकत घेतली. एकोणसाठाव्या वर्षी. हे ऐकून तू काय म्हणाली असतीस ते मला इथे बसल्या बसल्या ऐकू येतं: "मंग इतके दिवस चहा कायनं गाळून राहिली होती वं?" वाणाच्या गाळणीनं, आई. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणा ना कुणाकडे हळदीकुंकू, प्रत्येक घरून एक वस्तू, आणि घरी येऊन पिशवी पलंगावर पालथी केली की वर्षभराची सोय. किसणी, चिमटा, साबणाची डबी, झाऱ्या, पायपुसणं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि असल्या वस्तूसाठी मी कधी दुकानाची पायरी चढले नव्हते. आता तीन वर्षं झाली, मी कुणाकडे हळदीकुंकवाला जात नाही आणि माझ्याकडेही करत नाही. घरातली शेवटची धड गाळणी गेल्या आठवड्यात जाळीपासून सुटली आणि सगळी पत्ती नवऱ्याच्या कपात पडली. तो कपात बघत म्हणाला, "घे, अजून सोड धर्म."

इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात गेले. गाळणी दाखवा म्हटलं, तर दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "किती डझन?" मी म्हटलं, एक. "एक डझन?" नाही, एक गाळणी. तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. "मंग तसं सांगा ना ताई. देण्याची पाह्यजे का वापराची?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं, की डावीकडच्या फळ्यांवरचं सगळं देण्याघेण्याचं, हलका माल, वाणाले चालते, बारशाले चालते. आणि उजवीकडचं वापराचं. मी विचारलं, देण्याची गाळणी वापरायची नसते का? "वापरते ना लोकं. पन देनाऱ्याले काय फरक पडते ताई? तुटते तं दुसऱ्याच्या घरी तुटते." आणि त्याने दोन्ही माझ्या हातात ठेवल्या. एकीला वजनच नव्हतं. दुसरीचा दांडा चांगला भरीव, जाळी दुपदरी, कड आत वळवलेली. मी दोन्ही हातांत दोन गाळण्या घेऊन किती तरी वेळ तशीच उभी होते. पस्तीस वर्षं मी त्या दुकानाच्या डाव्या बाजूवर संसार केला आणि उजवी बाजू असते हे मला माहीत नव्हतं.

तुला मात्र माहीत होतं. म्हणून तर तुला लिहायला बसले. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे, फार वर्षांपासून, आणि त्यासाठी तो दिवस पुन्हा काढावा लागेल.

सासरी माझं पहिलं हळदीकुंकू आहे. नरखेडहून पहाटेची एसटी धरून तू आली आहेस, संत्र्यांची थैली घेऊन. बाबांना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. सासूबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी तुला बसायला पाट दिला, चहा स्वतः करून दिला, आणि बायका यायला लागल्या तसा स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला. तुला कुणी काही सांगितलं नाही आणि तू काही विचारलं नाहीस. तिळगुळाच्या पुड्या बांधायला घेतल्यास. बाहेर उखाणे चालू आहेत. मी वाणं न्यायला आत येते, तर तू ढिगातली एक गाळणी उचलून तिची जाळी अंगठ्याने दाबून पाहते आहेस, बागेत संत्रं पाहायचीस तशी. "हे महिनाभर नाही टिकत वं," तू म्हणालीस. "काहून देता लोकायले असं?" आणि मी, नवी सून, पैठणी नेसलेली, नाकात नथ, तुला म्हणाले, "तुया काय संबंध वं आई याच्यात? बसली तं बस ना चुपचाप." सासूबाई पडद्यापलीकडेच होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दात दाबून बोलले, त्यामुळे ते होतं त्याहून वाईट निघालं. तू "बरं" म्हणालीस आणि गाळणी ढिगावर ठेवून दिलीस. संध्याकाळच्या गाडीला सोडायला मी आले नाही, घरात पाहुणे होते.

त्यानंतर तू अठरा वर्षं जगलीस. इतक्या वेळा भेटलो, भांडलो, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर एका खोलीत झोपलो, पण या गोष्टीवर एक अक्षर बोललो नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की तुला ते लागलं होतं का.

लागलं असणार, हे मी पूर्वी गृहीत धरायचे. मला तुझी कीव यायची. बाबा गेले तशी तुला बोलावणी बंद झाली, तुझ्या घरात वाणाची एक वस्तू येत नव्हती. मी माहेरी यायचे तेव्हा माझ्याकडची जास्तीची एखादी किसणी, एखादी डबी पिशवीत टाकून आणायचे, आणि तू ती नीट पुसून फळीवर ठेवायचीस आणि कधी वापरायची नाहीस. तुझ्या स्वयंपाकघरात मला सगळं जड लागायचं. वरणाचा गंज, ते खोल पातेलं, एका हाताने उचलवत नसे. झाऱ्या लोखंडाचा, कढई अशी की तेल तापायला वेळ लागे पण भजी कधी करपली नाहीत. तू बागेत संत्रं दिसण्यावर घेत नव्हतीस, तळहातावर घेऊन वजन पाहायचीस, आणि नरखेडच्या बाजारात भांडंही तसंच घ्यायचीस, दोन्ही हातांत दोन घेऊन, डोळे मिटून. दुकानदार कंटाळायचा. एकदा मी विचारलं होतं, एवढं महागाचं काहून घेतं, एकटीच तं राहतं. तू म्हणालीस, "मले कोनी देत नाही वं. म्हनून मीच पाहून घेतो. पाहून घेतलं का बरं निघते." तेव्हा मला ती तक्रार वाटली होती. आता गाळणीच्या दुकानातून परत येताना रिक्षात मला पहिल्यांदा शंका आली, की तू फुशारकी मारत होतीस. यातलं नेमकं काय होतं? हे मला खरंच जाणून घ्यायचंय. तुझा आवाज आठवून पाहते, तर तो दोन्हीकडे बसतो.

मी धर्म का सोडला हेही तुला सांगायला हवं, कारण लोक विचारतात तेव्हा मी काही तरी मोठं बोलते. या आपल्या नागपुरात लाखो माणसांनी धर्म सोडला तो मानाने जगता यावं म्हणून, आणि ते दुसरीकडे कुठे तरी पोचले. माझं तसं काही नाही, मी कुठेच गेले नाही. झालं असं, की तीन वर्षांपूर्वी संक्रांतीला बोलवायच्या बायकांची यादी काढून बसले होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंचे यजमान दिवाळीत गेले. पंधरा वर्षांची आमची उठबस, माझ्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. यादीवरून पेन फिरवताना त्यांच्या नावाशी आले आणि हाताने ते नाव खोडलं. मी काही ठरवलं नव्हतं. खोडून पुढच्या नावाला लागले, दोन-तीन नावं झाल्यावर थांबले आणि माझ्याच हाताकडे पाहिलं. सासूबाई जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती, घरात पडदासुद्धा उरला नव्हता. त्या वर्षी हळदीकुंकू केलं नाही. मग एकेक सुटत गेलं. देव्हारा जाऊबाईंकडे दिला. नवरा म्हणाला, "तुले नाही मानायचं तं नको मानू, गावभर काहून सांगतं?" साबुदाण्याची खिचडी मात्र सुटली नाही, चतुर्थीला अजून करते, आणि त्यावरून तो मला रोज नसलं तरी महिन्याला एकदा छळतो.

गाळणीनंतर मी स्वयंपाकघर उपसायला काढलं. सात गाळण्या निघाल्या, एकीचीही जाळी धड नाही. साबणाच्या डब्या किती, विचारू नकोस. त्यात एक गुलाबी, वाकड्या झाकणाची, मीच कुणाला तरी दिलेली आणि चार वर्षांनी तिसऱ्याच बाईकडून मला परत आलेली. सासूबाई म्हणायच्या, धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत. मीही पाहिले नाहीत, आणि देतानाही दात नसलेलीच गाय दिली. आपण एकमेकींना सौभाग्याच्या नावाने असल्या वस्तू का देत होतो, ज्या स्वतःसाठी कुणीही घेतल्या नसत्या? मला या प्रश्नाने हल्ली झोप लागत नाही असं नाही, झोप चांगली लागते, पण पोळ्या लाटताना तो मनात असतो. आता मी एकेक वस्तू बदलते आहे. किसणी झाली, चिमटा झाला, बिडाचा तवा कळमेश्वरच्या बाजारातून आणला. दुकानात दोन्ही हातांत दोन घेऊन उभी राहते. डोळे मिटायची अजून लाज वाटते. फार मजा येते आहे, आई. नवरा म्हणतो, देवापुढे कधी इतकी मन लावून उभी नव्हती.

तू तर रोज दिवा लावायचीस. ज्यांनी तुला पडद्यामागे बसवलं त्यांचेच सगळे सण पाळायचीस, आणि मी, जिला कुणी कुठून उठवलं नाही, कुंकू शाबूत असताना उठून निघाले. तुला हे आवडलं असतं का? की "तुले काय कमी पडलं होतं" म्हणून रागावली असतीस? मी तुला ओळखत होते असं समजायचे, आणि एवढं साधं सांगता येत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्न नाही. तू कुठे तरी आहेस असं मानणं हेही मी सोडलेल्यातच येतं. पितृपक्षात तुझं पान वाढत नाही आणि इथे तुला पानंच्या पानं लिहिते आहे. तेव्हा हे कपाटात राहील. तसं असेल तर जे तुझ्यासमोर बोलले नसते तेही लिहून टाकते. काल मी वरणासाठी गंज बघायला गेले. दुकानदार म्हणाला, "तसं जड आता येत नाही ताई. कोनाच्या घरी जुनं असंन तं मोडीत नका देऊ." मी मान हलवली आणि बाहेर आले. तू गेल्यावर तुझा गंज, ती कढई, परात, सगळं मी नागपूरला आणलं होतं. माझ्या ओट्यावर ते मावेना, घासताना मनगट दुखायचं. पुढच्या संक्रांतीच्या आधी मी ते सगळं मोडीत घातलं आणि त्याच्या बदल्यात वाणाला वाट्या आणल्या, अंगठ्याने दबतील अशा. त्या वर्षी सगळ्या बायका म्हणाल्या, यंदा तुमचं वाण सगळ्यांत छान. मला फार बरं वाटलं होतं.