उजवीकडचा वॉर्ड

८ जानेवारी

"धाकटीला चेहऱ्यावरून कळतं माझं काय दुखतंय. तुला रक्त काढावं लागतं!" — मी पॅथॉलॉजी घेतली तेव्हा आई पाहुण्यांसमोर म्हणाली होती. सगळे हसले. मीही.

आज आठवलं, कारण मोठ्या डॉक्टरांनी माझा नियम वॉर्डच्या दारावर लावला. स्वॅब बाहेरगावी जातो, रिपोर्टला दोन दिवस. तोवर खोकणाऱ्यांना ठेवायचं कुठे? म्हणून साध्या रक्ततपासणीवरून अंदाज — लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी घसरलेल्या, इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच, तर कोविड समजायचा: उजवीकडचा वॉर्ड. नाहीतर फ्लू: डावीकडचा. बहुतेकदा बरोबर येतं.

११ जानेवारी

आईला ताप. धाकटी घेऊन आली. सगळ्यांना विचारते तेच आईलाही विचारलं — कसली गोळी चालू आहे का? आईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने ओठ चावले.

"कसली नाही गं बाई! टोच सुई आणि हो मोकळी," आई म्हणाली.

हसत होत्या दोघी. माझ्यावरच, नेहमीसारख्या.

रक्त अगदी नियमाबरहुकूम. उजवीकडे ठेवलं.

१२ जानेवारी

शेजारच्या खाटेवरची बाई फार खोकते. "हिला जरा तिकडे तोंड करायला सांग की," आई म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

१३ जानेवारी

स्वॅब आला. फ्लू. साधा फ्लू! लगेच डावीकडे हलवलं.

१७ जानेवारी

उतरलेला ताप पुन्हा चढला. पुन्हा स्वॅब.

१९ जानेवारी

आता कोविड.

२४ जानेवारी

सकाळी गेली.

धाकटी वॉर्डच्या दारात ओरडली, "तुझ्या आकड्यांनी मारलं तिला!" सगळ्या नर्सेसनी ऐकलं. नंतर मोठे डॉक्टर, समजुतीच्या सुरात — "एका केसवरून नियम काढून टाकत नाहीत, मॅडम."

केस!

२६ जानेवारी

आईच्या चष्म्याच्या डबीत गोळ्या. स्टेरॉइड! धाकटीला फोन केला.

"गुडघ्यांसाठी. मीच आणून द्यायचे. तुला सांगू नको म्हणाली — थोरली भाषण देईल."

या गोळ्या लिम्फोसाइट खाली आणतात, इओसिनोफिल पुसून टाकतात. आईचं रक्त आजाराने नाही, गोळ्यांनी तसं दिसत होतं. धाकटीच्या गोळ्यांनी. अगदी जिभेवर आलं होतं.

"का विचारतेस?" ती रडतच होती.

"सहज."

गिळलं. दयेने गिळलं, की पुढे कधीतरी तोंडावर फेकायला राखून ठेवलं — खरंच ठाऊक नाही.

२९ जानेवारी

धाकटी तापाने फणफणलीय. तिच्या नवऱ्याने बोलावलं — "ताई, धाप लागलीय तिला, पण तुमच्या हॉस्पिटलात यायचं नाही म्हणते." दार बोटभर उघडलं तिने. "माझं रक्त मिळायचं नाही तुला." आणि लावून घेतलं.

बोटभर फटीतून चेहरा दिसला होता. मला काहीच कळलं नाही.

सकाळी पुन्हा जाईन. दाराबाहेरूनच म्हणेन — बाळा, शिव्या दे, पण एवढी एक सुई टोचू दे.

नाहीच म्हणेल.