वरच्या मजल्यावरचा ऑर्विल आणि बाकीची मालमत्ता

मी, बर्निस कोवालेक, राहणार मिलवॉकी, विस्कॉन्सिन, मुलांच्या मासिकांसाठी चित्रांचे भुलभुलैये काढण्यात जन्म घालवलेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. माझा भाचा डेल याला त्याबद्दल शंका असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या गालिच्यावरच्या नक्षीतून बाहेर पडायला वाट नाही हेही दाखवून दिलं. दाखला लगेच मिळाला.

याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं डेलला दिलं होतं. तेव्हा तो मोजपट्टी घेऊन माझ्या घरात हिंडत नव्हता.

कलम १. माझं काचेचं दिव्याचं टेबल, शाईची पेनं आणि भिंगं वाचनालयाच्या मुलांच्या विभागाला द्यावीत. पट्टी देऊ नये. पट्टीने काढलेला भुलभुलैया म्हणजे सरकारी कचेरीचा नकाशा.

कलम २. शिकागोच्या मासिकाचे संपादक श्री. हॅलोरन यांना ससा द्यावा. माझ्या जत्रेच्या पानावर एक कोपरा त्यांना ओकाबोका वाटला, म्हणून छपाईच्या आदल्या दिवशी त्यांनी तिथे कोणाकडून तरी एक ससा रेखाटून घेतला. तो कोपरा नव्हता, ती वाट होती. ससा नेमका तिच्यात फतकल मारून बसला आणि राज्यभरची मुलं जत्रेत अडकली. मुलांनी शिव्या मला घातल्या. सशासकट मूळ चित्र मी चांगल्या चौकटीत बसवून घेतलं आहे. हॅलोरनसाहेबांनी ते जेवणाच्या टेबलासमोर लावावं.

कलम ३. सिनेमांच्या सगळ्या तबकड्या शेजारच्या ग्लोरियाला. तिने माझ्या आजारपणात बटाट्याची धिरडी आणून दिली आणि एकदाही तब्येत विचारली नाही. तिला आधीच सांगून ठेवते की यातल्या एकाही सिनेमाची गोष्ट मला ठाऊक नाही. आम्ही सिनेमे पाहायचो ते त्यातले भुलभुलैये हुडकायला. राजाच्या बागेतली कुंपणं, हॉटेलचे बोळ, नायिकेच्या स्वेटरची वीण, काहीही चालतं. ज्याला आधी दिसेल त्याने दुसऱ्याच्या मनगटावर टिचकी मारायची.

आम्ही म्हणजे मी आणि ऑर्विल टेश. ऑर्विल हा माझ्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. धंदा तोच, स्वभाव कारल्याचा. दर शुक्रवारी तळलेले मासे खायचे आणि मग थिएटरात जायचं, हा आमचा नेम. एकदा पडद्यावर नायक बागेच्या भुलभुलैयातून धापा टाकत बाहेर आला, तर हा गृहस्थ उभा राहून सगळ्यांना सांगू लागला की वरून दाखवलं तेव्हा ती वाट बंद होती, हा माणूस बाहेर येऊच शकत नाही. लोकांनी त्याला लाह्या फेकून मारल्या. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

आमच्या धंद्याचा एक शिरस्ता आहे. आपला भुलभुलैया आपण तपासायचा नाही. काढणाऱ्याला वाट पाठ असते, त्याचा डोळा भिंतीवरून उडी मारतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. दुसऱ्याने बोट टेकवून आत शिरायचं आणि बाहेर यायचं. मग पानाच्या तळाशी बारीक अक्षरात त्याचं नाव छापतात. माझी सगळी पानं ऑर्विलने तपासली आहेत, आणि एकाही पानाला त्याने चांगलं म्हटलेलं नाही.

कलम ४, घराबद्दल. हे नीट वाचावं.

डेल गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला आला तो घरांच्या दलालाला घेऊनच. भाजलेली टर्की गार होत होती आणि हे दोघे माझा जिना मोजत होते. डेल म्हणाला, "आत्या, वरचा मजला रिकामा झाला तर घराला काय भाव येईल, माहीत आहे? टेशकाकांना आपण वृद्धाश्रमात ठेवू. तिथे सगळी सोय असते."

मी म्हटलं, "त्याला विचारलंस?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांना आता दिसतंय कुठे?"

मी त्याला घराबाहेर काढलं. टर्की त्याच्याबरोबर दिली नाही.

पुढच्याच आठवड्यात माझं शेवटचं पान पुरं झालं. गोठलेलं तळं, त्यावर मासे धरणाऱ्यांची खोपटी, आणि खोपट्यांमधून वाट. ऑर्विलने खिडकीपाशी बसून बोट टेकवलं. बोट एका खोपट्याच्या भिंतीतून आत गेलं, एका कोळ्याच्या पोटातून पलीकडे निघालं आणि सरळ काठाला लागलं. "वाट आहे," तो म्हणाला. "पण फार सोपी केलीस, बर्निस. हात म्हातारा झाला तुझा."

"जीभ मात्र तुझी अजून तरणी आहे," मी म्हटलं आणि पान उचललं. स्वयंपाकघरात जाऊन कॉफी केली आणि रडले. कित्येक शुक्रवार मीच आधी टिचकी मारत होते आणि तो म्हणत होता, ते मी कधीच पाहिलं. आपण जिंकतोय म्हणून मी जास्तीची बिअर मागवत होते.

म्हणून घर डेलला, माझ्या भावाचा एकुलता एक मुलगा म्हणून. पण वरचा मजला ऑर्विलचा, तो जिवंत असेपर्यंत, भाड्याशिवाय. तोवर घर विकता येणार नाही. वरची एक खुर्चीही जागेवरून हलवू नये. तो आता पाठांतरावर चालतो. डेलने कोर्टात जायची धमक दाखवली तर घर हॅलोरनच्या मासिकाला जाईल. ऑर्विलला एवढंच सांगावं की कागदपत्रांत गुंता आहे. गुंता म्हटला की तो खूश असतो.

त्याला साक्षीदार केलं नाही म्हणून तो सध्या रुसला आहे. ज्याला काही मिळायचं असतं त्याची सही चालत नाही, हे त्याला कोणी सांगू नये.

कलम ५. एक ससा सोडला तर माझ्या छापलेल्या पानांत वाट कधी बंद निघाली नाही. खोपट्यांच्या पानाची मला खात्री नाही. दुसऱ्या कोणाकडून तपासून घेता आलं असतं. मी घेतलं नाही. ते आहे तसं छापावं, आणि तळाशी नाव असावं ऑर्विल टेशचंच. मुलं अडकली तर चूक माझी. शिव्यांची पत्रं त्याला वाचून दाखवू नयेत.

वरचं सगळं मी लिहिलं, पुन्हा वाचलं आणि एक शब्दही कमी केला नाही.

बर्निस कोवालेक (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही केली:
दाखला देणारे डॉक्टर (सही)
मार्कस व्हिटफील्ड, वकिलांचे कारकून

मिलवॉकी, १४ जानेवारी २०११