पाद्र्याच्या शिडीची वाटणी होणार नाही

मी, गेर्लिंडे थीलेन, वय एक्क्याऐंशी, धंदा द्राक्षमळ्याचा, राहणार नीडरफेल्स, मोझेल नदीकाठी, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असणाऱ्याने आधी माझ्या मुलाची रीस्लिंग वाइन प्यावी, मग माझी, आणि कोणाचे डोके फिरले आहे ते स्वतःच ठरवावे.

राहते घर, तळघर व बँकेतली शिल्लक मुलगा फोल्कर व मुलगी आनेग्रेट यांनी निम्मी निम्मी घ्यावी. ते घर विकतील हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे.

फोल्कर वाइन करण्याचे शिक्षण घेऊन आला आणि पहिल्याच सुट्टीत माझे यजमान कै. एर्विन यांच्या अखेरच्या हंगामाची बाटली हुंगून म्हणाला, "आई, याला रॉकेलचा वास मारतोय. खराब झालीय." मी वर मळ्यात असताना त्याने त्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. जुन्या रीस्लिंगला तो वास येतो, तोच तिचा मान, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळते. आता तो बटाट्याच्या सपाट जमिनीत वेल लावून यंत्राने द्राक्षे झोडतो आणि बाटलीवर आमच्या मळ्याच्या कड्याचे चित्र चिकटवतो. खरा कडा त्याला फार उभा वाटतो. नाचता येईना अंगण वाकडे.

आनेग्रेट रीस्लिंगमध्ये बर्फाचा खडा टाकून पिते. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. काचेचे पेले तिला द्यावेत.

माझी छाटणीची कात्री आमच्या पाद्रीबाबांना द्यावी. त्यांच्या प्रवचनांना गरज आहे.

आता पाद्र्याची शिडी, म्हणजे पाटीच्या दगडाच्या कड्यावरचा माझा मळा. आमच्याकडे बाप मेला की प्रत्येक तुकड्याचे पोरांइतके तुकडे पडतात. टॉवेलाएवढ्या पट्ट्या झाल्या तरी कोणाला लाज वाटत नाही. माझ्या दोघांनी माझ्यादेखतच ठरवले, की अर्धी अर्धी करायची आणि रान माजू द्यायचे. माझ्या आजोबांनी लावलेले वेल आहेत ते. प्रत्येक वेल दर वसंतात खुंटाला वाळुंजीच्या लवचिक काडीने बांधावा लागतो. एक वर्ष चुकले की तो जमिनीवर लोळतो, आणि दुसऱ्या वर्षी त्याच्यावर काटेरी झुडूप चढते. तो विचार मला सहन होत नाही.

म्हणून शिडी अखंड, एकही तुकडा न पाडता, शेजारी ओटमार श्नायडर्स याला मिळावी, व त्याच्यामागे त्याची पुतणी लिओनी हिला. ती कड्यावर शेळीसारखी चढते.

ओटमार चिक्कू आहे, चर्चमध्ये बेसूर गातो आणि त्याची रीस्लिंग दात आंबवते. तरुणपणी सुगीच्या जेवणात, भरल्या पंगतीत तो मला म्हणाला होता, "गेर्लिंडे, तुझी पट्टी माझ्या पट्टीला लागून आहे. लग्न केलं तर मधला बांध काढता येईल." आमच्या गावात लग्ने बांध बघूनच जमतात, पण मुलीला तोंडावर कोणी असे सांगत नाही. मी नाही म्हटले आणि एर्विनशी लग्न केले. ओटमारने कोणाशीच केले नाही. त्यानंतर आम्ही बोललो ते फक्त बांधावरून भांडायला.

या फेब्रुवारीत माझे खुब्याचे हाड मोडले. खिडकीतून पाहिले तर ओटमार न विचारता माझे वेल बांधत होता, आणि गाठी अगदीच ढिल्या. मी त्याला बोलावून घेतले. दारातच टोपी न काढता उभा राहिला.

"तेव्हा तू नाही म्हणालीस," तो म्हणाला, "ते कुणाला? जमिनीला की मला?"

"तू मला विचारलंस कुठे? जमिनीलाच विचारलंस."

तेव्हा टोपी काढून तो म्हणाला, "चुकलंच माझं." उभ्या जन्मात तो शहाण्यासारखे बोलला ते एवढेच.

सबब, त्याने जिला विचारले होते त्या जमिनीच्या वतीने मी या पत्राने होकार देत आहे. माझ्या स्वतःच्या वतीने देत नाही. मला अजून कोणी विचारलेले नाही.

स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. मला हवेत, म्हणजे फोल्कर ओरडणार नाही.

साक्षीदार: क्रेशेन्झ लेनार्ट्झ, टपालवाली
साक्षीदार: विलीबाल्ड हाउप्स, पिंपे करणारा

सही: गेर्लिंडे थीलेन
नीडरफेल्स, १९ मार्च