सैल झाकणं

प्रिय उस्ताद,

गॅरेजमधले सगळे तुला याच नावानं हाक मारतात, म्हणून आज मीही. काल तुझा मिशीवाला भागीदार दवाखान्यात येऊन गेला. तू डोळे मिटून पडलेला, आणि तो माझ्याकडे तुझं कौतुक करत होता. तुझ्या हातानं आवळलेला नट कधी सैल होत नाही, गिऱ्हाइकं अजून तुलाच विचारतात, म्हणाला आणि रुमालानं डोळे पुसायला लागला. मला मात्र, खरं सांगते, हसू आलं. बाहेर एवढं नाव आणि घरात या माणसाला साधं डब्याचं झाकण लावता येत नाही!

त्या झाकणांवरून मी जन्मभर तुझ्या नावानं खडे फोडले. साखरेचा डबा उचलावा तर झाकण हातात आणि डबा खाली. पाहुण्यांसमोर मिठाची बरणी सांडली तेव्हा तर मी तुझी पार लाज काढली. तू आपला गालातल्या गालात हसलास, केरसुणी आणलीस आणि मीठ गोळा केलंस.

तू आजारी पडल्यापासून स्वयंपाकघराकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. परवा लेकीनं सगळे डबे घासूनपुसून ठेवले, झाकणं घट्ट लावली आणि मुलांच्या परीक्षा आहेत म्हणून तिच्या घरी गेली. बघ, याला म्हणतात झाकण लावणं, असं मी तुला मनातल्या मनात सुनावलंसुद्धा.

आज सकाळी चहा करायला गेले तर साखरेचा डबा उघडेना. फडकं धरून पाहिलं, गरम पाण्याखाली धरून पाहिलं. चहाचा उघडेना, तेलाची बाटली उघडेना. मनगटातून अशी कळ गेली की मी खालीच बसले. तिथे बसल्या बसल्या ते डॉक्टर आठवले. लेक शाळेत होती, माझी बोटं सुजायची, तेव्हा तू मला ओढत त्यांच्याकडे नेलं होतंस. सांधे झिजताहेत, काही पिळू नका, जोर लावून काही उघडू नका, नाहीतर शिवणकाम सुटेल, असं ते म्हणाले होते. बाहेर आल्यावर मी त्यांनाच वेड्यात काढलं. पुढे हात फारसे दुखले नाहीत, तर वर फुशारकी मारली. मी त्यातलं काहीच मनावर घेतलं नव्हतं. तू सगळं घेतलंस.

चांगला चालणारा नळ काढून कोपरानं ढकलायचा बसवलास, तेव्हा मी तुला उधळ्या म्हटलं. माझ्या कात्रीला तेल घालत बसायचास, तर म्हणायचे, याला दुसरा उद्योग नाही. ओले कपडे मला कधी पिळू दिले नाहीस. अरे, एकदा तरी बोलायचंस! पण बोलला असतास तर मी हट्टानं प्रत्येक झाकण स्वतः आवळून लावलं असतं. ओळखून होतास तू मला.

काल संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आता फार वेळ नाही, काही सांगायचं असेल तर सांगून घ्या, कदाचित त्यांना ऐकू जात असेल, म्हणाले. मी तुझ्या उशाशी बसले, तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर दाढी किती वाढवलीस ही! आपल्या घरात गोड बोलायची सवयच कुठे होती? आणि काय सांगायचं, तेही काल मला ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे. तुझ्यासमोर परत जीभ घसरायला नको म्हणून लिहून काढलंय, आता तुझ्याजवळ बसून वाचून दाखवणार आहे. माझे हात अजून सुईत दोरा ओवतात, ते तुझ्यामुळे. एवढं ऐकल्याशिवाय जाऊ नकोस रे. ऐकू आलं तर माझा हात धर. सैलच धर, नेहमीसारखा.

तुझीच,
भांडकुदळ