ताडपत्री नव्हे

लातूर, रविवार

प्रिय अमरनाथ,

उदगीरला तुम्ही मला पाहायला आलात तेव्हा एकच प्रश्न विचारलात, कारखान्यात नेमकं काय करता म्हणून. मी तोंड उघडायच्या आत आमच्या संगमेश्वरकाकांनी सांगून टाकलं, ताडपत्र्या बनवते. पोह्यांची बशी तुमच्यापुढे जरा आदळलीच मी, ती रागानं. आता सावकाश ऐका.

शेततळ्यात अंथरतात तो काळा कागद आम्ही बनवतो. खरं तर ते प्लास्टिकच, पण सगळे कागदच म्हणतात. साबुदाण्यासारखा दाणा येतो, त्यात काजळीचा काळा दाणा मिसळायचा, म्हणजे कागद उन्हाला टिकतो. तापलेल्या नळीतलं मळसूत्र तो वितळवत पुढे रेटतं आणि गोल फटीतून तो बाहेर पडतो. आतून हवा सोडली की काळाभोर फुगा वर चढू लागतो, तीन मजले उंच! बाहेरून गार वारा लावायचा, वर रुळांत चपटा करायचा, मग कापून, उलगडून गुंडाळायचा. जाडी कुठं कमी भरली तर अख्खा रोल बाद. लाइट गेली की फुगा बसतो आणि सगळं पहिल्यापासून. मी पहिल्यांदा एकटीनं फुगा चढवला तेव्हा इतकी ओरडले की खालून माझ्या पाळीतली शिवानी पळत आली, तिला वाटलं भाजलं मला. अजूनही तो चढताना बघून मला लई भारी वाटतं.

म्हणूनच तुमच्या अप्पांचा फोन जिव्हारी लागला. तुमच्या शेततळ्यात आमचाच कागद. त्यातलं पाणी उतरतंय, पोरीच्या कारखान्याचा कागदच फसवा, अशांशी नातं कशाला जोडायचं, असं ते काकांना म्हणाले. कारखान्यातही तक्रार आली. रोलचा नंबर पाहिला तर तो माझ्याच पाळीतला. दुरुस्तीच्या गाडीत मी हट्टानं बसले, पण तुमचं मुखेड येईपर्यंत त्या पाळीतल्या जाडीच्या नोंदी पुन्हा पुन्हा वाचत होते. माझ्याच हातून कुठं पातळ राहिला असेल तर? लग्न मोडलं असतं ते एक, पण त्या मशीनसमोर मी कुठल्या तोंडानं उभी राहिले असते?

आधी आम्ही जोड तपासले. दोन पट्टे गरम पाचरीनं चिकटवताना मधे बारीक पोकळी ठेवतात, तिच्यात हवा भरायची. दाबाचा काटा हलला नाही, म्हणजे जोड पक्के. मग रविकांतनं, आमच्या जोडाऱ्यानं, पाण्याची रेघ दाखवली. पाणी जिथवर उतरून थांबलं, भोक तिथंच असणार. त्या रेघेवर हात फिरवत गेलो आणि कोपऱ्यात सापडलं, बोराएवढं. शेजारी दगड पडला होता आणि चिखलात करवंटीचा तुकडा. तळं अर्धं भरलं तेव्हा जलपूजन झालं, कागदावरच दगड ठेवून त्यावर नारळ फोडला गेला. कारखान्यात आम्हीही मशीनपुढे नारळ फोडतो, पण बाहेर, फरशीवर.

मला सगळं कळलं होतं, पण बांधावर चार पाहुणे उभे, अप्पा तावातावानं बोलत होते, त्यांच्यापुढे काय सांगणार? करवंटी तुम्ही उचललीत. वाटलं, आता लांब भिरकावून द्याल. तुम्ही ती सरळ अप्पांपुढे धरलीत. "अप्पा, नारळ म्या फोडला. कागद चांगला हाय."

त्यानंतर रविकांत ठिगळ लावत होता, पण माझं लक्ष कशातच नव्हतं. परतताना गाडीत मी एकटीच हसत होते.

काका पुढच्या आठवड्यात आमचा निरोप घेऊन तुमच्याकडे येणार आहेत. तो तुम्हाला त्यांच्या तोंडून कळू नये म्हणून हे पत्र. मशीन मी सोडणार नाही. आठवडाभर लातूर, सुट्टीला मुखेड, असं चालत असेल तर अप्पांना तुम्हीच सांगा. माझा होकार आहे.

तुमचीच,
अक्षरा