आई जेवून गेली

आरे-वारे,
१८ डिसेंबर

दादा,

पाच दिवस हे पत्र टाळलं. लिहायला बसलो की समुद्र बघत राहतो. आज तर एका खेकड्यामागे अर्धा तास गेला.

तेरा तारखेला, आई गेली त्याच तारखेला, तिच्या वर्षश्राद्धासाठी मनालीहून घरी पोचलो. तू दारातच म्हणालास, "आलास? आई अकरा दिवसांपूर्वीच जेवून गेली."

मी तारीख धरून बसलो, तू तिथी. चूक माझीच. पण एक फोन करायचास ना! "सहा महिने पत्ता नाही, त्याला काय आमंत्रण द्यायचं?" हे तुझं उत्तर ऐकून पाणीही न पिता निघालो आणि जवळच, इथे समुद्रकाठी खोली घेतली.

गंमत बघ. मनालीत नोआ नावाची इस्रायली बाई सांगत होती, की हिब्रूत महिन्याला 'खोदेश' म्हणतात. मुळात अर्थ 'नवा'. अमावास्येनंतर कोर दिसली की नवा महिना. आईवडील गेल्याचा दिवसही ते चंद्रावरच धरतात. मी मान डोलावली, आणि आपल्या आईची तिथी बघायचं सुचलं नाही. तुझ्याकडे मात्र कितीही कोरी उगवल्या तरी माझी चूक जुनीच.

थांब, फाटकाशी स्कूटर थांबली. वहिनी! एकटीच.

"भावजी, उद्या अमावास्या. चुकलेली तिथी उद्या चालते, भटजींना विचारून आले. तीळ-तांदूळ आणलेत. ह्यांना कळू देऊ नका हां."

म्हणजे हे पत्रही आता तुला पाठवता येणार नाही.

अजून तरी तुझा भाऊ,
वेद